अंगठा वर की खाली

३ फेब्रुवारी, सोमवार

पहिला डोस झाला. घरी आले. जिवंत आहे.

मानेत गाठ निघाल्यापासून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात, जशी काही मी पाळण्यात झोपलेय. जळगावच्या दवाखान्यात मात्र डॉक्टर खणखणीत म्हणाला, "सुगंधाबाई, ओळखलं का?" पोट सुटलेलं, टक्कल, पांढरा कोट. कान बघून ओळखलं. कुंदन! आमच्या रावेरच्या शाळेत चौथीला होता. सराव परीक्षेत याच्या मनगटावर सोळाचा पाढा सापडला, तो मीच पकडला होता. तासभर बाकावर उभा केला होता. बत्तीस वर्षं मास्तरकी केली, शेकड्यानं कॉप्या पकडल्या, पण पकडलेल्याच्याच हातात माझी सुई येईल असं कधी वाटलं नव्हतं.

एकूण सहा डोस, दर एकवीस दिवसांनी. दर वेळी पाच औषधं. एक लाल सरबतासारखं. एकाची पिशवी अगदी छोटी, दहा मिनिटांत संपते. कुंदन म्हणाला, "बाई, हे सदाफुलीतून काढतात. तुमच्या अंगणात होती ना?" होती म्हणजे काय, अजून आहे. मी दर वर्षी उपटते, ती दर वर्षी उगवते. बकरीसुद्धा तोंड लावत नाही त्या पाल्याला. आणि आता तीच मला वाचवणार.

ह्यांनी लगेच विचारलं, "मंग पाला वाटून पाजू का?"

कुंदन दचकलाच. "काका, चुकूनही नाही. पाला विषारी असतो. आम्ही देतो ते काढून, शुद्ध करून, मोजून देतो."

संध्याकाळी बघते तर हे अंगणात सदाफुलीला पाणी घालतायत. अडतीस वर्षांत मला कधी हातात तांब्या दिला नाही या माणसानं.

५ फेब्रुवारी

डोसानंतर पाच दिवस गोळ्या. काय भूक लागते त्यांनी! सकाळी तीन भाकरी आणि वांग्याचं भरीत, दुपारी शेवभाजी, चार वाजता परत भाकरी. झोप मात्र नाही. पहाटे उठून माळ्यावरची पितळी भांडी काढली, चिंच लावून घासली. बठ्ठी, म्हणजे एकूण एक. हे उठले आणि लख्ख घागरी बघून म्हणाले, "हा आजार हाये का अंगात आलंय?"

९ फेब्रुवारी

पाच दिवस पोट हललेलं नाही. लिहायलाही लाज वाटते, पण वहीपाशी लाज कसली. हा सदाफुलीचाच प्रताप, आतडी सुस्तावतात असं कुंदननं बजावलं होतं. केळीच्या गावात राहून माझ्यावर ही पाळी.

ह्यांना सांगणं शक्य नाही. आमच्यात केळीच्या रोपांचं बोलणं होतं, लेकीच्या, ऋतिकाच्या, सासरचं होतं, पोटाचं कधी झालं नाही. ते विचारतात, "कसं वाटते?" मी म्हणते, "बरी आहे." ते म्हणतात, "बरं." असा आमचा संसार.

वही बिबड्यांच्या डब्यात ठेवते. त्या ज्वारीच्या पापडांना या घरात माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही.

१० फेब्रुवारी

ह्यांनी बाजारातून इसबगोल आणलं. आणि एक पपई. म्हणे, "दुकानात दिसलं." असतात योगायोग.

२४ फेब्रुवारी

दुसरा डोस. केस सगळे गेले. रुमाल बांधून गेले होते, तर कुंदनची नर्स म्हणाली, आजी छान दिसता. आजी कुणाला म्हणते ही? एकसष्ट म्हणजे काय वय आहे?

शेजारच्या खुर्चीत सोनगीरचे अभिमन आप्पा होते. माझाच आजार, माझीच औषधं, दोन डोस पुढे. हात चोळत बसले होते. म्हणाले, "मी डाक्टरले खरं सांगं बहीन, हातपायले मुंग्या येतस. त्यानी सदाफुली निम्मी करी दिधी!"

निम्मी! आजार पुरता आणि औषध निम्मं, हा कुठला हिशोब? माझ्याही बोटांना आठ दिवस मुंग्या येतायत. कुंदन माझ्याकडे वळला, "बाई, काही त्रास?"

"छे. अगदी ठणठणीत."

त्यानं लिहून घेतलं.

१२ मार्च

उद्या होळी. पुरणाला हात लावला नाही, बोटं ऐकत नाहीत. टोकं माझी वाटतच नाहीत. ब्लाऊजचे हूक लावायला पाव तास लागला. आणि हे अक्षर! बत्तीस वर्षं फळ्यावर मोती काढले. असलं अक्षर एखाद्या पोरानं काढलं असतं तर तीच वही त्याच्या डोक्यात घातली असती. वेलांटी कुठं जाते, काना कुठं जातो. असो. मला वाचता येतं तेवढं पुरे.

१७ मार्च

तिसरा डोस. आता कुंदन आधी परीक्षा घेतो. हातपाय बधिर होतायत का ते बघतो.

डोळे मिटायचे. तो पायाचा अंगठा दोन्ही बाजूंनी धरून हलवतो आणि विचारतो, वर की खाली? मग एक लोखंडी चिमटा ठोकून घोट्यावर टेकवतो, त्याची थरथर थांबली की सांगायचं. मग टाचांवर चालायचं. मग शर्टाचं एक बटण लावायचं.

खरं सांगू का, अंगठा त्यानं धरलाय हेच मला कळत नव्हतं. वर-खाली तर दूरच.

पण कॉप्या पकडून पकडून कॉपीच्या सगळ्या खोडी मला पाठ. डोळे मिटल्यासारखे करून पापण्यांच्या फटीतून बघायचं, हे तर तिसरीतली पोरं करतात. बघितलं. वर, खाली, खाली, वर. चिमट्याच्या वेळी मनात बारा मोजले आणि "थांबलं" म्हटलं. टाचांवर चालताना पदर सावरल्यासारखं करून भिंत धरली. बटण तेवढं अडलं, तर म्हटलं, "अरे, शर्ट पुरुषाचा आहे, बटणं उलट्या बाजूला." त्याला पटलं.

"छान, बाई." पूर्ण गुण! आणि सदाफुलीची पूर्ण पिशवी.

लाज वाटली का? वाटली. पण लाजेनं कुणी मरत नाही.

२३ मार्च

चप्पल गेली. डाव्या पायाची. भाजीबाजारातून घरी आले, उंबऱ्यात बघते तर एक पाय अनवाणी. कधी निघाली, कुठं निघाली, काही पत्ता नाही. तळपायाला रस्ता लागलाच नाही ना! महिन्याभरातली ही दुसरी. ह्यांना सांगितलं, कुत्र्यानं नेली.

२४ मार्च

लताबाई आली. ही माझी धाकटी जाऊ, दिरामागं एकटी राहते, भिंतीला भिंत लागून घर. दहावी पास आहे हे तिला कुणी विसरू देत नाही. रोज सकाळी ओट्यावर बसून पेपर मोठ्यानं वाचते, गल्लीला ऐकू जाईल असा. आमच्या अबोल्याला यंदा सहा वर्षं झाली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझ्या पुरणाच्या मांड्यांना चामट म्हणाली होती. हिचे मांडे म्हणजे घोंगडी, आणि मला म्हणते चामट.

तर आज आली. हातात मागून पट्टा असलेले सँडल. "अक्का, मले ढिले होतात. तुमी घाला." एवढं बोलून गेली. माझ्या मापाचे निघाले. पट्टा आहे, पायातून निघत नाहीत. रंग घाणेरडा.

२ एप्रिल

तोंडाला लोखंडाची चव. काहीच जात नाही. एकच वाटतं, तुरीच्या डाळीचे फुणके आणि वर आंबट कढी. पण करणार कोण? हे चहा केला तरी पातेलं जाळतात.

३ एप्रिल

लताबाई फुणके-कढी घेऊन आली! ही भिंतीला कान लावून बसते की काय? पण मी तर तोंडातून शब्द काढला नव्हता. डाळ जाडीभरडी राहिली होती. दोनदा घेतले.

७ एप्रिल

पेपर बदलला!

चौथा डोस. कुंदननं या वेळी डाव्या पायापासून सुरुवात केली आणि मधे फाईल आडवी धरली. काहीच दिसेना. बत्तीस वर्षांत मी एकदाही अशी फाईल धरली नव्हती, हे त्याला कुणी शिकवलं? अंदाजानं ठोकत गेले. वर, वर, खाली, वर. त्याच्या तोंडाकडे बघून कळतंय का ते बघत होते. तो मधेच लांबलचक काहीतरी बोलला आणि म्हणाला, "असं करूया, चालेल ना बाई?" माझं सगळं लक्ष अंगठ्याकडे. "हो हो," म्हटलं. छोटी पिशवी लागली. जीव भांड्यात पडला.

१६ एप्रिल

आखाजीला चौदा दिवस राहिले. धुळ्याहून ऋतिका येणार, नातीला घेऊन. झोका बांधायचा, घागर भरायची.

आज कुंभाराकडून घागर आणली. दर आखाजीला गेलेल्या माणसांसाठी भरतो, सासूबाईंची, मामंजींची, दिरांची. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, आंबा, सांजोरी. इतकी वर्षं भरतेय, कधी काही वाटलं नाही. आज ती ओट्यावर ठेवली आणि मनात आलं, पुढच्या आखाजीला माझी भरतील का? ऋतिका भरेल. रडत भरेल, आणि सांजोरी फुटेल तिची.

मला मरायचं नाही. इथं लिहिते, दुसरीकडे कुठं बोलणार? मला भीती वाटते. अंगठा चुकला तर सदाफुली बंद, सदाफुली बंद झाली तर गाठ परत. म्हणून बोटं झडली तरी चालतील, पण कबूल करणार नाही.

२८ एप्रिल

पाचवा. परीक्षा झाली. वाईट गेली. पिशवी मिळाली.

३० एप्रिल, आखाजी

काय दिवस होता! आधी ठरवलं होतं, मांडे करायचे नाहीत. हे आणि ऋतिका दोघंही नको नको म्हणत होते. पण लताबाई खापर घेऊन दारात आली. "अक्का, यंदा मी करते." मी करते? माझ्या चुलीवर?

बसले मीच. गोळ्या चालू आहेत, अंगात बळ होतंच. पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवला, मध्येच फाटेल असं वाटलं, फाटला नाही. टाकला उपड्या खापरावर. आणि चमत्कार! दर वर्षी उलटताना हाय हाय करते, बोटं तोंडात घालते. यंदा काहीच नाही. खापर गार असल्यासारखं. हातानं सपासप उलटले. बावीस मांडे! एकही फाटला नाही. पुरुष मंडळी पत्ते टाकून बघायला आली. ऋतिका म्हणाली, "आई, तुझ्या हाताला झालंय काय?" म्हटलं, सवय.

लताबाई सारखी म्हणत होती, "अक्का, उलथणं घ्या. उलथणं घ्या ना." मत्सर, दुसरं काय.

७ मे

सात दिवस पेन धरता आलं नाही.

त्याच रात्री हात धुताना दिसलं. उजव्या हाताच्या तीन बोटांना आणि डाव्या तळव्याला टम्म फोड. दुखत नव्हते, तेच वाईट. सवय नव्हती ती, हात मेले होते माझे. कुणाला दाखवले नाहीत. हातात रुमाल धरून बसते, डोळ्याला पाणी येतं म्हणते. ऋतिका गेली तिलाही कळलं नाही. दोन फोड फुटले, त्यातला एक चिघळलाय. आज दुपारपासून कणकण आहे. पाचव्या डोसानंतर ताप आला तर ताबडतोब या, असं कुंदन म्हणाला होता. पण गेले तर हात बघेल. हात बघितला तर सदाफुली गेली.

एक दिवस बघते. उतरेल.

९ मे, जळगाव, दवाखाना

डाव्या हातानं लिहितेय. उजव्याला पट्टी.

काल सकाळी डोळे उघडले तर हे तयार. दारात गाडी. "चाल." कुठं? "जळगाव." म्हटलं, मला काही झालेलं नाही. ह्यांनी मला हाताला धरून गाडीत बसवलं. अडतीस वर्षांत चारचौघांत हात धरला नव्हता कधी. गल्ली बघत होती.

ताप एकशे दोन. पांढऱ्या पेशी तळाला. कुंदननं विचारायच्या आत हे म्हणाले, "आखाजीले भाजलं. उजव्या हाताची तीन बोटं, डावा तळवा. काल दुपारपासून कणकण."

मी बघतच राहिले. हे मी कुणालाही बोलले नव्हते.

कुंदन हात बघत म्हणाला, "बाई, अजून दोन दिवस थांबला असतात तर मी काही करू शकलो नसतो." मग पट्टी बांधता बांधता सांगितलं की सदाफुली त्यानं चौथ्या डोसापासूनच निम्मी केली होती. "तुम्हाला विचारलं होतं, बाई. हो हो म्हणालात." म्हणजे मी दोन महिने फसवत होते ते कुणाला? आणि तुला कसं कळलं रे, विचारलं. तो ह्यांच्याकडे बघायला लागला. हे पंख्याकडे.

ह्यांनी आणलेली पिशवी उघडली. टॉवेल, फाईल, चष्मा. आणि ही वही.

दुपारभर वही उशाखाली दाबून पडले. काय काय लिहिलंय ते आठवत होते. शेवटी म्हटलं, शरम नाही वाटली बिबड्यांच्या डब्यात हात घालायला? हे म्हणाले, "तू मले काही सांगते का? कसं वाटते म्हटलं का बरी हाये म्हनते. मंग डबाच उघडा लागते ना."

मग मी रडले. हेही रडले, पण बाहेर जाऊन.

१९ मे

सहावा डोस. या वेळी छोटी पिशवी लागलीच नाही. मी हात जोडले कुंदनला, म्हटलं, पाव दे, चमचाभर दे, पण दे. भीती वाटते मला. प्रथमच बोलले हे कुणासमोर.

कुंदन खुर्ची ओढून बसला. "बाई, तिचं काम तिनं केलंय. बाकीची चार औषधं आज पूर्ण देतोय. आणखी सदाफुली दिली तर उठून चालता येणार नाही तुम्हाला." मग म्हणाला, अभिमन आप्पांना निम्मीच पुरली, ते परवा सोनगीरहून एकटे बसनं येऊन गेले.

मग परीक्षा. डोळे खरोखर मिटले. प्रत्येक वेळी एकच उत्तर दिलं, "कळत नाही." शून्य गुण. कुंदन म्हणाला, "आत्ता कुठं तुमचा पेपर तपासता आला." बोटं हळूहळू परत येतील म्हणतो, वर्ष लागेल.

१२ जून

रिपोर्ट आला. गाठ कुठंच नाही. कुंदननं दोनदा वाचून दाखवला, मी तिसऱ्यांदा वाचायला लावला.

येताना गाडीत ह्यांना म्हटलं, आता सांगेन मी सगळं तोंडानं. पण वही वाचणं बंद. हे म्हणाले, "मी होळीपर्यंतच वाचली. मंग तुझं अक्षर मले लागेना. तवापासून लता वाचते, मी आयकतो."

"सगळी?"

"बठ्ठी. एक अक्षर गाळत नाही ती."

उद्या लताकडे जायचं आहे. काय बोलायचं ते आधी इथं लिहून बघावं म्हटलं, तर तेही तीच वाचणार.